मधली खोली झाडायची कोणी

पारोळ्याबाहेर कापसाचा व्यापार करणाऱ्या गोऱ्या साहेबाने बांधलेला दगडी बंगला विकायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं, एका हंगामात हातावेगळं होईल. मी झुलाल दलाल, माणूस बघून त्याची ऐपत सांगतो. पण राखणदार तोताराम माणूस बघून त्याला भूत द्यायचा.

साहेब मायदेशी गेले, बंगला जळगावच्या एका वकिलाच्या ताब्यात आला आणि तोताराम नोकरांच्या खोलीत बायकोसह राहिला. बंगला विकला की आपली खोली गेली, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की तो नम्रपणे पुढे होऊन बंगल्याचा इतिहास सांगायचा. अमळनेरच्या कन्हैयालाल शेठजींना सांगितलं, मधल्या खोलीत साहेब बकरी कापायचा, रक्त अजून फरशीतून वर येतं. शेठजी पाणीही न पिता गेले. धुळ्याच्या एका मास्तरांना पंख्याच्या कडीला लटकलेला साहेब मिळाला. ज्यांची सून गरोदर होती, त्यांना बाळंतपणात गेलेली मडम. खोली एकच, मेलेले वाढतच होते. मी हसायचो. पण खोल्या मोजायची वेळ आली, तेव्हा मधली खोली मी उंबऱ्यावरूनच अंदाजाने मोजली होती.

अडुसष्टच्या चैत्रात धुळ्याच्या मोहनबाई आल्या. नवऱ्याला दम्याने धरल्यापासून सरकीचा व्यापार त्याच बघत. तोतारामचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कन्हैयालालजी माझे मावसभाऊ. मास्तर आमचे भाडेकरू. एवढी माणसं एका खोलीत मेली, तर त्यांना बसायला तरी जागा होती का हो?"

तोताराम बाईंच्या पाया पडला. "बठ्ठं खोटं शे, अक्का. मीच रचं. मनी खोली जाई म्हनीसन."

"खोली राहील. मला राखणदार लागतोच. पण सरकीची पोती मधल्या खोलीत राहणार, तिथेच ओल नाही. ती आत्ता झाडून द्या. नाही जमलं, तर संध्याकाळपर्यंत सामान उचला."

एवढं सोपं काम. भर दुपार, बाहेर ऊन नुसतं सांडलेलं. तोतारामची बायको सुंदरबाई दारातून बघत होती. तिने न सांगताच अंथरूण बांधायला घेतलं. ते बघून तोतारामने कुलूप काढलं. उंबऱ्यापाशी मात्र तो थांबला.

"खोटं आहे म्हणालात ना?" बाई म्हणाल्या.

"खोटंच शे."

"मग?"

"इतला वरीस व्हयनात, अक्का, मी आठे उभा ऱ्हाईसन सांगी ऱ्हायनू. त्यासनी ऐकं नही व्हई का?"

त्याने रचलेल्या मेलेल्यांनीच इतकी वर्षं त्याचं ऐकलं असेल, याचं मला हसू यायला हवं होतं. अंगावर काटा आला.

तो आत गेला. हातभर जाड भिंती, खिडकी नाही. केरसुणीचा आवाज आला, थांबला. मग काहीच नाही.

"तोताराम?"

बाई माझ्याकडे वळल्या.

"झुलालभाऊ, तुम्ही बघा ना जरा."

"घेणाऱ्या तुम्ही, बाई. पहिला पाय तुमचाच पडायला हवा."

दोघंही हललो नाही. मग आतून बोलणं ऐकू आलं, हळू, अजिजीचं. "साहेब, तुमले मी फाशी दिन्ही. चुकनू मी." मग थोडा वेळ शांतता. मग तोताराम "हां" म्हणाला. "माय, तुले मी बायतपनमा मारं." पुन्हा शांतता, पहिल्यापेक्षा लांब. पुन्हा "हां." एकेकाची तो माफी मागत होता आणि प्रत्येकाचं ऐकून घेत होता. मोहनबाईंनी माझी बाही धरली होती. ते त्यांच्याही लक्षात नव्हतं आणि मी सोडवली नाही.

तोताराम बाहेर आला. भुवयांवर धूळ, सदरा घामाने चिकटलेला. "झाडी टाकी, अक्का."

"ते... काही बोलले का?"

इतिहास सांगताना तो कधी अडखळला नव्हता. आज त्याने वळून खोलीला कुलूप लावलं.

सौदा झाला. तोतारामची खोली राहिली. सरकीची पोती व्हरांड्यात रचतात. दोन पावसाळ्यांत खालची थप्पी कुजली, तरी ती आत हलवा असं बाई म्हणाल्या नाहीत. तोताराम रोज सकाळी मधली खोली झाडतो. सुंदरबाई सांगते, हल्ली त्याला आत फार वेळ लागतो.