एकशे चाळीस वर्षांची बाई

आमच्या शहरातल्या फ्रीगंज भागात, एका हॉलमध्ये ऐंशी बायका मोबाइल हातात धरून बसल्या होत्या. पाचच्या ठोक्याला सगळ्यांचे फोन एकदम वाजले. प्रत्येकीच्या बँक खात्यात दोनशे रुपये जमा. कुणी फोन कपाळाला लावला, कुणाचे डोळे भरून आले.

"देखा, दीदी?" ही सर्व्हेची स्कीम चालवणारे सुमीत सर स्टेजवरून म्हणाले. "ना दुकान, ना नौकरी. घर बैठे सर्वे भरो, लक्ष्मी खुद चलकर आएगी. सब ऊर्जा का खेल है."

माझी मोठी बहीण मंगलाताई पहिल्या रांगेत होती. चार हजार फी भरून तिने सर्व्हे सुरू केले होते. कमाई ॲपमध्ये वाढताना दिसायची. बँकेत मात्र दर शनिवारी दोनशेच यायचे. तेवढ्यावर विश्वास ठेवून तिने गल्लीतल्या अकरा जणींनाही आणलं होतं. आज ती डायमंड मेंबर होणार होती. त्यासाठी भरायचे ऐंशी हजार, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी मोडून आणलेले, तिच्या पर्समध्ये होते.

"ताई, आज नको भरूस," मी हळूच म्हटलं.

"तू शाळेत विज्ञान शिकव, ईरा. इथे पैसे येताहेत, ते दिसत नाहीत का तुला?"

वाद घालून उपयोग नव्हता. मी तिचा फोन घेतला आणि तिच्यासमोरच एक सर्व्हे उघडला. वय? एकशे चाळीस. महिन्याला साबण किती? नऊशे. दात कशाने घासता? त्याच साबणाने.

"अगं, आयडी ब्लॉक होईल माझी." ताईने माझा हात धरला.

स्क्रीनवर फुलं उधळली गेली. 'बधाई हो. जवाब स्वीकार. साठ रुपये.'

ताई बघतच राहिली. मी उभी राहिले.

"सर, ये जवाब कौन पढ़ता है?"

"बड़ी-बड़ी कंपनियां, दीदी. नाम गोपनीय है."

मी माझी उत्तरं मोठ्याने वाचली. हशा झाला. मी हिंदीतच पुढे बोलले: असल्या उत्तरांना साठ रुपये मिळतात, म्हणजे ती कुणीच वाचत नाही. मग पैसे देतं कोण? ऐंशी जणींचे चार-चार हजार, म्हणजे तीन लाख वीस हजार. आज वाटले सोळा हजार. आपल्याच पैशातून आपल्याला चमचाभर.

"निगेटिव्ह लोगों से ऊर्जा टूटती है," सर म्हणाले. "इन्हें बाहर कीजिए." दोन माणसं माझ्याकडे निघाली.

तेव्हा ताई मध्ये उभी राहिली. "सर, मेरे ॲप में बाईस हजार दिख रहे हैं. अभी बैंक में डाल दीजिए, फिर मैं अस्सी हजार देती हूं."

"सर्वर डाउन है, दीदी. कल."

"तो मैं भी कल."

मागून एक आवाज आला, "हमारा भी अभी निकालिए." मग दुसरा. ती दोन माणसं जागच्या जागी थांबली.

दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप होतं. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. फी अजून कुणाची परत आलेली नाही. ताई दुखऱ्या गुडघ्याने अकराही घरांचे जिने चढली. "मीच तुला नेलं, चूक माझी," एवढंच प्रत्येकीला म्हणाली. एकीने दार लावून घेतलं.

खरे सर्व्हेही असतात. त्यांत चहापाण्यापुरते पैसे सुटतात आणि ते फी मागत नाहीत. पैसे खात्यात आले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ते कोण देतंय आणि कशाबद्दल, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत स्वतःचा एक रुपयाही देऊ नका.