गादीवर कोण बसणार

मी एक गादी बोलतेय. पलंगावरची नव्हे, राजेमहाराजांची तर मुळीच नव्हे. सांगलीत मारुती रस्त्यावर लालासाहेबांचं कापडाचं दुकान होतं. त्यात भिंतीपासून पायरीपर्यंत अंथरलेली लांबरुंद गादी म्हणजे मी. गिऱ्हाइकांनी चपला काढून माझ्यावर बसायचं, विक्रीवरच्या आकारामनं समोर मांडी घालून लुगडी उलगडायची, आणि लोडाला टेकून मालकांनी सगळीकडे लक्ष ठेवायचं, अशी तिथली रीत.

माझा जन्म त्याच दुकानाच्या मागच्या अंगणातला. पिंजाऱ्यानं कापूस पिंजून दिला आणि लालासाहेबांच्या नव्या नवरीनं, लोणंदच्या अंजनानं, मला टाके घातले. तू हिच्यावर बसशील असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर ती लाजून आत पळाली असती. घरातल्या बायका मागच्या दारानं यायच्या, चहा ठेवायच्या आणि आल्या पावली परत जायच्या.

माणूस किती मोकळा आहे हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं. हळदीच्या पेठेतले व्यापारी पाय पसरून ऐसपैस बसत. माझी पांढरी खोळ पिवळी करून जात. बायका मात्र कडेला, उठून जायच्या बेतानं बसत. आणि काहींना तर बसायलाच मिळत नसे. धुळीच्या पायांची गरीब माणसं पायरीवर उभी राहत. त्यांना कापड लांबूनच दाखवलं जाई.

एकाहत्तर साली लालासाहेब छातीत कळ येऊन गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आता धाकटे भाऊ नानासो गादीवर बसणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. नानासोंनीही. दिवसकार्य उरकल्यावर ते सकाळी दुकानात आले, तर लोडाशी अंजना बसलेली.

नानासो पायरीवरच थबकले. मग म्हणाले, "वहिनी, हे काय?"

"भावजी, बसा की तुम्हीपण," ती म्हणाली. "जागा बख्खळ आहे."

नानासो वाईट नव्हते. त्यांना लोक काय म्हणतील याची धास्ती होती, एवढंच. पेठेत आपलं हसं होईल, असं ते वहिनीला पुन्हापुन्हा समजावत राहिले. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर दुकान उघडायची. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस तीही उठून जायच्या बेतानंच बसायची. ते फक्त मला माहीत होतं.

पुढच्या साली मोठा दुष्काळ पडला. आटपाडीकडची माणसं मेंढरं विकून सांगलीत मजुरीला आली. त्यांतली हरणाबाई एकदा अंगावरचं लुगडं फाटलं म्हणून आली आणि पायरीवर उभी राहिली. आकारामनं दोन जाडीभरडी लुगडी तिच्याकडे भिरकावली. अंजनानं ते पाहिलं आणि तिला वर येऊन बघायला सांगितलं.

"नगं ताई, पाय लय मळल्यात," हरणाबाई म्हणाली. "गादी खराब हुईल."

"गादी धुता येते. या तुम्ही."

हरणाबाई वर आली. तिनं अंग इतकं आखडून घेतलं होतं की तिचा भार मला जेमतेम कळला. त्या दिवसापासून त्या दुकानात पायरीवर कुणालाही कापड दाखवलं गेलं नाही.

पुढे हरणाबाई तिथंच झाडलोटीला राहिली. हळूहळू एक गोष्ट अंजनाच्या ध्यानात आली. गिऱ्हाईक बायका हरणाबाईला हळूच बाजूला बोलावत आणि आकारामला विचारता न येणारं तिला विचारत. घेणाऱ्यांत निम्म्या बायका, आणि दाखवणारे सगळे पुरुष! अंजनानं हरणाबाईला आणि आणखी दोघींना विक्रीला गादीवर बसवलं. पगार आकारामइतकाच, हेही सांगून टाकलं.

हे आकारामला लागलं. माझी हयात या गादीवर गेली आणि काल आलेल्या बाईला माझ्याइतकंच, असं तो म्हणाला. अंजनानं त्याला सांगितलं, काम एकच असेल तर मोल दोन कसं करू? त्याला ते पटलं नाही. ऐन लगीनसराईच्या तोंडावर तो आणि बाकीचे गडी काम सोडून गेले.

संध्याकाळी नानासो आले. या सराईत बस्ते दुसरीकडे गेले तर दुकान बुडणार, हे दोघांनाही कळत होतं. बस्ते हातचे जाऊ लागले तर लोडाशी मी बसणार, असं ते म्हणाले. अंजनानं थोडा विचार केला आणि कबूल केलं.

पहिलाच बस्ता आला तो इस्लामपूरकडच्या सयाजीरावांचा. उसाचे मोठे बागायतदार, मुलीचं लग्न. त्यांच्या आई साळूबाई, भाऊ, भावजया, पाहुणे, सगळी ट्रॉलीभर माणसं उतरली. आत तीन बाया नि मालकीण पाहून सयाजीराव दारातच थबकले.

"गडीमाणसं कुटं गेली?"

"आज नाहीत," अंजना म्हणाली. "आम्ही आहोत."

बाजूच्या दुकानात बघून येऊ, असं ते भावाला सांगू लागले. साळूबाई मात्र गुडघे दुखतात म्हणून तोवर बसल्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी नवरी. आजवर मी किती बस्ते पाहिले! वडीलधारे पुरुष शालू पसंत करायचे आणि नवरी गुडघ्यात मान घालून बसायची. तिला कुणी विचारतच नसे. हरणाबाईला ही रीत ठाऊक नव्हती. ती सरळ तिच्याकडे वळली.

"तुला कंचा रंग आवडतो गं बाय?"

नवरीनं आजीकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "डाळिंबी."

हरणाबाईनं डाळिंबी शालू काढला, तिला उभी केली आणि तिच्या अंगावर निऱ्या घालून पदर घेतला. पुरुष विक्रेत्याला हे कधी जमलं नसतं. साळूबाईंनी नातीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि दाराकडे पाहून म्हणाल्या, "सयाजी, चपला काढ आन् आत ये. हितंच घ्यायचं."

दुपार कलली तरी मंडळी उठली नाहीत. हरणाबाईनं खणाचं कापड फाडताना तिरकं फाडलं. तिला रडू येऊ लागलं. अंजनानं तो तुकडा बाजूला ठेवला, दुसरा काढला आणि परत तिच्याच हातात दिला. गावातल्या आणखी दोन लग्नांचे बस्ते इकडेच धाडतो, असं सयाजीरावांनी जाताना सांगितलं.

त्या सराईत दुकान भरून वाहिलं. नानासोंनी लोडाचा विषय परत काढला नाही. ते इचलकरंजीहून माल आणायचं बघू लागले, आणि त्यात त्यांना चांगलीच गोडी लागली.

पावसाळ्यात आकाराम आला. नवीन जागी त्याचं मन रमलं नव्हतं. अंजनानं त्याला सांगितलं, जागा आहे, पगार सगळ्यांना सारखा, आणि विक्रीचं आता हरणाबाई बघतात. तो पायरीवरच उभा राहिला. हरणाबाई सरकली आणि तिनं शेजारची जागा हातानं झटकली.

"या भाऊ. मला अजून कापड सरळ फाडाय येत न्हाई. तेवडं शिकवा."

आकाराम चपला काढून वर आला.

पुढे इस्लामपूरला दुकान निघालं, मग लोणंदला. वकिलाच्या सल्ल्यानं अंजनानं रीतसर कंपनी केली. पेठेतले लोक गमतीनं तिला 'कंपनीबाई' म्हणू लागले. तिन्ही दुकानांत बायका-पुरुष शेजारी बसून विकत, आणि कुणाचं पोर आजारी पडलं की आईला सुट्टी मिळे, तशी बापालाही. बापांना याचं आधी हसू आलं. मग ते सुट्टी घेऊ लागले.

सांगलीत काचेचे काउंटर आले, तेव्हा मला टेम्पोत घालून इस्लामपूरला धाडलं. इथलं सगळं हरणाबाई बघते. आता एकोणऐंशी साल चालू आहे. माझा कापूस दोनतीन ठिकाणी दबलाय, एका कोपऱ्यात उसवलेयही. पण माझ्यावर माणसं बसतात. गादीला आणखी काय हवं?

आज अंजना इथे आलीय. पहाटेपासूनचा प्रवास, लोणंदचं काम, मग इकडे. ती आली तशी हरणाबाई लोडाशेजारून उठू लागली. अंजनानं तिला खाली बसवलं आणि स्वतः भिंतीकडे गिऱ्हाइकांत टेकली. चहा येईतो तिचे डोळे मिटलेसुद्धा. इतक्या वर्षांत ती माझ्यावर नेहमी ताठ बसली. आज पहिल्यांदाच तिनं सगळा भार माझ्यावर टाकलाय. हरणाबाईनं एका नव्या लुगड्याची घडी मोडून ते तिच्या अंगावर घातलंय.

तेव्हा तुम्ही आत याल तर या, बसा, हवं ते बघा. फक्त जरा हळू बोला.