पृष्ठ एकशे बारा

मी चौसष्ट पानांची एक पुस्तिका बोलतेय. ग्रंथ म्हणवून घेण्याइतकी माझी जाडी नाही. सदाशिव पेठेतल्या एका ग्रंथालयात खालून दुसऱ्या फळीवर मी असते.

१९६१ साली दत्तोबांनी मला लिहिलं. ते भुसार बाजारात हमालांचे मुकादम; शिक्षण चौथी. बाजारातल्या माणसांनी सांगितलेलं त्यांनी उतरवून घेतलं. एकतिसाव्या पानावर एक बाई म्हणते, ‘आमचं मालक गेलं, पर त्यांच्या पाठीचं दुखनं घरातच ऱ्हायलं.’ खाली छापलंय : ‘सांगणारी बायडाबाई, पोती शिवण्याचे काम, नाना पेठ, मंगळवार.’

छापखानेवाला कंटाळून म्हणाला होता, “एवढं कशाला, मुकादम?”

“वाक्य तिचं हाय. माझं म्हणून कसं छापू?”

१९८४ साली श्यामसुंदर नावाचे संशोधक आले. त्यांना ते वाक्य आवडलं. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी ते टिपून घेतलं. शेजारी दुसरं जाडजूड पुस्तक उघडं होतं; त्याचा पानक्रमांक माझ्या नावापुढे पडला. एकशे बारा. प्रबंध मान्य झाला. ते प्राध्यापक झाले.

पुढे अकरा प्रबंधांत माझा संदर्भ आला, प्रत्येकात ‘पृ. ११२’. मला मात्र कोणी हात लावला नाही. मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर चौऱ्याऐंशीचा एकच शिक्का. कीर्ती म्हणतात ती हीच असावी. सवय होते.

२०१२ साली वाघोलीहून दोन बस बदलून नीरजा आली. तिने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मला जरा अवघडल्यासारखंच झालं. मग ती मला घेऊन तिच्या मार्गदर्शकांकडे गेली. मार्गदर्शक म्हणजे श्यामसुंदर सरच.

“सर, हे पुस्तक चौसष्टच पानांचं आहे. वाक्य एकतिसाव्या पानावर आहे.”

“अकरा जणांनी एकशे बारा दिलंय. ते सगळे आंधळे का?”

“त्यांनी तुमच्या प्रबंधावरून घेतलंय, सर.”

सरांनी चष्मा पुसला. “पुढची पानं फाटली असतील.”

“शेवटी ‘समाप्त’ छापलंय.”

“बाईसाहेब, प्रबंध याच महिन्यात जमा करायचाय ना? त्यावर माझी सही लागते.”

पंधरा दिवसांनी ती मला परत करायला आली. ग्रंथपाल मंदाकिनीबाईंनी आधी माझी पानं मोजली.

“तू फाडलीस?”

“नाही हो मॅडम, नव्हतीच.”

“सरांचा फोन आला होता. प्राध्यापक माणूस उगाच कशाला सांगेल?” बाईंनी ‘अपूर्ण प्रत’ असा शिक्का नेमका ‘समाप्त’वर मारला आणि खाली हाताने लिहिलं : ‘पाने ६५ ते ११२ गहाळ.’

“प्रबंधात काय दिलंस मग?”

“एकशे बारा.”

“शहाणी आहेस. इथे सही कर.”

तिने सही केली. मग मला पुन्हा उघडून एकतिसाव्या पानावर, बायडाबाईच्या नावाखाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं : ‘वाचणारी नीरजा, वाघोली, बुधवार.’

सध्या मी, कधीच नसलेली अठ्ठेचाळीस पानं हरवून, त्याच फळीवर आहे. चौदाव्या प्रबंधात माझं नाव घालणार असाल तर खुशाल घाला. फक्त आधी एकदा मला उघडा. एकतिसावं पान फार लांब नाही. आणि पेन्सिल पुसट होत चाललीय.