माशांसाठी बिनचवीचे पाणी

मित्रांनो, माझ्या पोटात पंचवीस लिटर पाणी मावते, पण डोक्यात एक साधी गोष्ट काही केल्या शिरत नाही. चांगले पाणी कशाला म्हणायचे? मी एक जुना पिवळा कॅन आहे. आफ्रिकेतल्या घाना देशात, टेमा बंदराच्या मागच्या वस्तीत, नी आशिते आणि त्यांची बायको कोरकोई यांच्या अंगणात माझे आयुष्य गेले. इतकी वर्षे पाणी वाहिले, तरी उत्तर सापडले नाही. तुम्ही शाळेत जाता, कदाचित तुम्हाला सापडेल.

कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात फुगवून मला घडवले आणि माझ्यात पहिल्यांदा भरले ते खायचे तेल. तेल संपल्यावर कोरकोईने मला बाजारातून उचलून आणले. राख, वाळू, साबण आणि पुन्हा राख अशी माझी आंघोळ तीन दिवस चालली होती. कोरकोई केंकी विकते. मका आंबवून, त्याचे उंडे कणसाच्या पानांत गुंडाळून ती उकडते आणि तळलेल्या माशाबरोबर देते. तिला पाणी रोज लागायचे आणि ते मी आणायचो. ती मला डोक्यावर घेऊन ताठ मानेने चालायची, एक थेंब सांडायचा नाही. "माझा पिवळा असला की मला काळजी नाही," असे ती शेजारणींना सांगायची. तेव्हा मला वाटे, ओले असते ते पाणी आणि स्वच्छ दिसते ते चांगले पाणी. किती सुखाचे दिवस होते ते!

मग त्यांच्या मुलीने, आजेलेने, घरात समुद्र आणला.

राजधानी अक्रातल्या एका हॉटेलाने आपली काचेची टाकी मोडीत काढली होती. आजेले समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करत होती. तिने ती टाकी, दोन केशरी मासे, एक कोळंबी आणि दगडावर वाढलेले जांभळे प्रवाळ असे सगळे बिऱ्हाड घरी आणले. वर्षभराने तिला पुढे शिकायला परदेशी जावे लागले. जाताना तिने वडिलांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाबा, मी होमोवोला परत येईन. तोवर ही सगळी जिवंत ठेवाल ना?"

होमोवो हा आमचा वर्षाचा मोठा सण. नी आशिते गोदीत तीस वर्षे वेल्डिंग करून नुकतेच घरी बसले होते. माशांतले त्यांना खाण्यापुरतेच कळत होते, तरी ते म्हणाले, "ठेवीन."

त्या दिवसापासून माझा गोंधळ सुरू झाला.

टाकीतले पाणी रोज थोडे थोडे हवेत उडून जायचे. मला वाटले, समुद्र पाच मिनिटांवर आहे, आणू एक खेप! पण नी आशिते मला समुद्राकडे नेईनात. पाणी उडते पण मीठ मागेच राहते, म्हणून खाऱ्या टाकीत वरून गोडेच पाणी घालायचे असते म्हणे. शिवाय त्या गोड्या पाण्यात दुसरे काहीही विरघळलेले असता कामा नये. आजेलेने पेनासारखे एक छोटे यंत्र ठेवले होते. ते पाण्यात बुडवले की आकडा दिसायचा. जितके काही विरघळलेले, तितका मोठा आकडा. सगळ्यात चांगले पाणी म्हणजे शून्य. तुम्हाला शाळेत शून्य मिळाले तर घरी काय होते, ते तुम्ही जाणताच. इथे मात्र शून्यासाठी वणवण चालली होती!

नळाच्या पाण्याचा आकडा मोठा आला. त्या पाण्याने टाकीत हिरवे शेवाळ माजले. विहिरीच्या पाण्याचा आकडा त्याच्या तिप्पट. पिशवीतले प्यायचे पाणी माणसांना उत्तम, पण माशांना नापास. पावसाच्या पाण्याची वाट पाहावी, तर डिसेंबर उजाडला आणि वाळवंटाकडून हरमाटनचा कोरडा वारा सुटला. ओठ फुटले, पत्र्यांवर धूळ बसली आणि टाकीतले पाणी दुप्पट वेगाने उडू लागले. शहरात शुद्ध पाण्याच्या बाटल्या मिळत, पण त्यांचा भाव ऐकून नी आशिते दुकानातून उलट्या पावली परत आले.

नापास झालेले प्रत्येक पाणी ते कोरकोईच्या पिंपात ओतायचे. ती चुलीपाशी बसून हसायची.

"अख्खं टेमा मासे तळून खातं आणि माझा नवरा माशांना पाणी पाजत हिंडतो!"

"हसून घे. आजेले आली की तिलाच सांग."

"सांगेन की! म्हणेन, बाई गं, तुझ्या बाबांनी मला कधी ग्लासभर पाणी आणून दिलं नाही."

एकदा मात्र आम्हाला वाटले, जिंकलो. बँकेच्या मागच्या भिंतीवर थंड हवेच्या यंत्रांतून पाणी ठिबकत असते. पहारेकऱ्याला सांगून नी आशितेंनी मला तिथे दिवसभर ठेवले. संध्याकाळी पेन बुडवले तर आकडा जेमतेम नऊ! त्यांनी मला चक्क थोपटले. मग फोनवर आजेलेला सांगितले, तर ती ओरडलीच.

"बाबा, ओतू नका! त्या यंत्रात तांब्याच्या नळ्या असतात. तांब्याचा अंश जरी आला तरी कोळंबी मरेल, प्रवाळ मरेल."

"अगं, पण पेन तर नऊ म्हणतंय!"

"त्या नऊमध्ये काय आहे, ते पेनाला कुठे कळतं?"

नी आशिते माझ्याकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे. पेनाला कळत नाही, डोळ्यांना कळत नाही, जिभेला कळत नाही. मग कळते तरी कोणाला? पाणी पुन्हा पिंपात गेले.

टाकीतली पातळी चार बोटे उतरली. मीठ वाढत चालले. प्रवाळाने आपली बोटे आत ओढून घेतली, ते उघडेचना. केशरी मासे कोपऱ्यात जवळजवळ तरंगत राहू लागले. नी आशिते टाकीपुढे स्टूल टाकून बसायचे. त्यांची भीती मला त्यांच्या हातांतून कळायची, कारण रिकामा असलो तरी ते मला दोन्ही हातांनी घट्ट धरायचे.

शेवटी पिशवीतले पाणी बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकाला दया आली. त्याच्या मोठ्या यंत्रात एक टप्पा असा होता, की तिथले पाणी अगदी कोरे असायचे. "एकदाच देतो हं, आजोबा. रोज यंत्र थांबवणं परवडत नाही," म्हणत त्याने मला भरून दिले. पेनाने शून्य दाखवले. नी आशितेंनी तीनदा बुडवून पाहिले. तिन्ही वेळा शून्य!

दुसऱ्या दिवशी रविवार होता. टाकीच्या पंपाची तार जळाली होती, ती बदलल्याशिवाय घातलेले पाणी टाकीत नीट मिसळले नसते. मला स्वयंपाकघराच्या सावलीत, स्वच्छ फडक्याखाली ठेवून ते मित्राकडे तार आणायला गेले. जाताना म्हणाले, "कोरकोई, याला हात लावू नकोस."

"तुमच्या नवसाच्या पाण्याला कोण हात लावतंय!"

ते गेले आणि थोड्याच वेळात फाटकातून अकरा पाहुणे आत आले. कोरकोईच्या माहेरची मंडळी होती. पुढे तिचे मोठे काका, आता क्पाक्पो, आणि काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या आवो शोर्मे. आमच्या भाषेत वडीलधाऱ्यांच्या नावाआधी 'आता' म्हणजे बाबा आणि 'आवो' म्हणजे आई असे लावतात.

मित्रांनो, आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. पाणी पिऊन झाल्याखेरीज 'कसे आलात' असे विचारायचे नाही, आणि पाहुण्यानेही येण्याचे कारण सांगायचे नाही. अकराही जण बाकांवर बसले आणि गप्प राहिले. कोरकोई धावत आत आली. नळाला चार दिवस पाणी नव्हते. पिंपात मका भिजत होता. कोपऱ्यावरचे दुकान प्रार्थनेसाठी बंद, शेजारचे सगळे चर्चमध्ये. घरात पिण्याजोगे पाणी फक्त माझ्यात होते.

तिने फडके उचलले. पुन्हा झाकले. बाहेर आता क्पाक्पो खोकले. ती माझ्यापुढे उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "आजेले, मला माफ कर गं." मग तिने मला तिरपे केले.

आता क्पाक्पोंनी आधी पूर्वजांसाठी चार थेंब जमिनीवर सांडले. मग सगळे प्यायले. लांबून चालत आले होते, दोन-दोन तीन-तीन पेले प्यायले, धुळीने माखलेले हातपाय-तोंडही धुतले आणि मी रिकामा झालो. लोक माझ्यातले पाणी पिऊन "हाऽ" म्हणत होते. खरे सांगू? मला बरे वाटले. कितीतरी महिन्यांनी माझे पाणी कोणी नाकारले नव्हते. पण कोरकोई सारखी वळून आत टाकीकडे बघत होती, आणि मला कळेना की मी आनंदी व्हावे की दुःखी.

आवो शोर्मेंनी मात्र पेला तोंडापासून दूर धरून पाहिला. "पोरी, तुझ्या पाण्याला चवच नाही गं."

मग आता क्पाक्पोंनी बातमी सांगितली. पुतण्याला मुलगा झाला होता, बारशाचे आमंत्रण होते. सगळे हसत असताना नी आशिते तार घेऊन आले. त्यांनी पेले पाहिले, मग मी आडवा पडलेला पाहिला. पाहुण्याने प्यायलेल्या पाण्याबद्दल आमच्याकडे कोणी तोंडातून शब्द काढत नाही. ते हसले, सगळ्यांशी हात मिळवले, बाळाचे नाव विचारले. पण आवो शोर्मे म्हाताऱ्या असल्या तरी आंधळ्या नव्हत्या. फाटकापाशी त्यांनी कोरकोईला गाठले.

"तुझा नवरा रडवेला का झालाय? आणि खोटं बोलू नकोस, मी तुला लंगोटात पाहिलंय."

कोरकोईने सगळे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी ही गर्दी! ज्यांनी ज्यांनी आमचे पाणी प्यायले होते, त्यांच्या त्यांच्या नावाने एकेक कॅन भरून आला होता. माझे किती भाऊबंद मी एका वेळी पाहिले! "माशांना पाजा हो," असे म्हणत लोक ते ठेवून जात होते. नी आशितेंनी प्रत्येकाचे सोने मिळाल्यासारखे आभार मानले. सगळे गेल्यावर हळूच पेन काढले. नळाचे. विहिरीचे. पुन्हा विहिरीचे. दहाच्या दहा नापास. ते पायरीवर बसले, आणि हसावे की रडावे ते त्यांनाही कळेना.

अकरावा कॅन उशिरा आला. निळा, छोटा, तोंडाला फडके बांधलेला. बरोबर आवो शोर्मे स्वतः.

"तुमचं ते पेन बुडवा यात," त्या धापा टाकत म्हणाल्या. "काल प्यायले तेव्हाच वाटलं, ही चव ओळखीची आहे. म्हणजे चव नसण्याची. माझी सून दातांच्या दवाखान्यात झाडलोट करते. तिथे एक भांडं पाण्याची वाफ करतं आणि तिचं परत पाणी करतं, अवजारं धुवायला. एकदा तहान लागली म्हणून मी तेच प्यायले होते. दर शुक्रवारी उरलेलं मोरीत ओततात. कॅन भरून!"

पेनाने शून्य दाखवले. नी आशितेंनी लगेच आजेलेला फोन लावला. त्या भांड्यात तांबे नाही ना, एवढे तिने सुनेकडून विचारून घेतले आणि मग ती फोनवरच हसत सुटली.

आता विचार करा, मित्रांनो. ते मोलाचे पाणी कोरकोईने पाहुण्यांना पाजले नसते, तर हे पाणी सापडलेच नसते. मग तिने चूक केली की बरोबर? माझे डोके पुन्हा गरगरू लागले.

दवाखान्याने पैसे घेतले नाहीत. कोरकोई दर शुक्रवारी मला डोक्यावर घेऊन तिथे जाऊ लागली आणि बदल्यात नर्सबाईंना केंकी आणि तळलेला मासा देऊ लागली.

"माशांच्या पाण्यासाठी मासा तळतेस?" नी आशितेंनी विचारले.

"मग काय, नर्सबाईंना उपाशी ठेवू? आणि तुम्ही मध्ये बोलू नका, पाणी आता मी आणते."

तीन आठवड्यांनी प्रवाळाने पहिले बोट बाहेर काढले.

होमोवोच्या आधी आजेले आली. पिशव्या दारातच टाकून ती आत धावणार, इतक्यात कोरकोईने तिला बाकावर बसवले. "आधी पाणी." त्या दिवशी नळ वाहत होता, घरात प्यायच्या पाण्याच्या पिशव्या होत्या. तरी कोरकोईने ते काही घेतले नाही. ती मला घेऊन आली आणि माझ्यातून पेला भरला.

आजेले एक घोट प्यायली आणि तिने तोंड वाकडे केले. "आई, हे बेचव आहे!"

"तुझ्या भावंडांच्या वाटणीचं आहे. गुपचूप पी."

आजेले आईकडे बघत राहिली, मग तिच्या खांद्यावरून आत टाकीकडे. दोन्ही केशरी मासे काचेपाशी आले होते. तिने पेला शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, आणि मग कोणी काही विचारायच्या आधीच तिला रडू कोसळले.

मित्रांनो, आता माझी मूठ तडकली आहे, बुडाला चीर गेली आहे. मी भेंडीच्या वाफ्याशेजारी पडून असतो आणि शुक्रवारी दुसराच कॅन जातो. मला फार वाईट वाटत नाही. फक्त तुमच्या घरी माझे कोणी भाऊबंद असतील, तर त्यांना घासूनपुसून ठेवा, त्यांच्यात रॉकेल भरू नका. आणि चांगले पाणी कोणते, हे मला अजूनही कळलेले नाही, म्हणून एवढीच विनंती करतो. उरलेले पाणी मोरीत ओतण्याआधी एकदा विचारा, ते कोणाला हवे आहे का.