बर्फात बसवलेली देवी

मढच्या कोळीवाड्यात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. चौऱ्याऐंशी सालचा कार्तिक होता. नंदकिशोर महाराजांच्या मठातली पितळी देवी दोन दिवस रडत होती, म्हणून बोटी काठालाच होत्या. आता तिचे डोळे सुकले होते.

“आई तापली होती,” महाराज सांगत होते. “तुमच्या पापांनी तापली. मी म्हटलं, बर्फ आणा. बर्फात बसवली, निवली. आता दर्या तुमचा. जा बिनघोर.”

बर्फ बोटींवरचाच होता, पकडलेलं म्हावरं टिकवायचा. तो मूर्तीभोवती रचला पुतळाबाईनं. मालाडला आमच्या दारावर मासळी आणणारी ती हीच. देवीचे डोळे सुकताच तिचा मुलगा चंदर बोट घेऊन गेला होता. बाकीचे जाळी चढवत होते.

मी माझ्या पुतणीबरोबर आलो होतो. मृणालिनी वातावरणाचा अभ्यास करते. लग्नाचं वय, झोप, डोळे, सगळं तिनं हवेचा दाब मोजण्यात घातलं. पहाटे दाब एकदम घसरलेला पाहून ती इथं धावली होती.

“वादळ येतंय. बोटी सोडू नका,” ती म्हणाली.

“हवा मोजून पोट भरतं काय गो?” गर्दीतली सखुबाई म्हणाली. बायका हसल्या.

मृणालिनीनं बर्फ बाजूला सारला आणि मूर्तीच्या पोटाला दोन्ही तळवे लावले. थोड्या वेळानं देवीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. हसणं थांबलं.

“हिच्या पोटात खाली पाणी आहे, वर हवा कोंडलीय. पाण्यातून एक नळी डोळ्यांपर्यंत जाते. हवा तापली की फुगते, पाण्याला वर ढकलते. पाठीवर काजळी बघा. महाराज मागे दिवा ठेवतात. बर्फानं हवा आक्रसते, डोळे सुकतात.”

“पण दोन दिवस मी दिवा लावलाच नव्हता,” महाराजांच्या तोंडून निघून गेलं. “तरी रडत होती. मीच घाबरलो.”

“बाहेरच्या हवेचा दाब उतरत होता. तेव्हाही आतली हवा फुगते. आयुष्यात एकदाच ती खरं सांगत होती, आणि तुम्ही तिला बर्फात बसवलंत.”

चढवलेली जाळी बोटींवरून खाली आली. पुतळाबाई मात्र बर्फाचा खडा उचलून मूर्तीच्या पोटावर दाबू लागली.

“थांब गो आई, रडू नको. माजा चंदर बाहेर हाय.”

“मावशी, यानं वारा नाही थांबणार.”

“मंग कशानं थांबंल? तू शिकलेली ना, सांग.”

मृणालिनीनं तिचा गारठलेला हात धरला.

दुपारी वादळ आलं. काठावरच्या बोटींतली माणसं वाचली. चंदर आला नाही. त्या गडबडीत महाराज पसार झाले.

शास्त्र वारा थांबवत नाही, तो येतोय एवढं सांगतं. ते ऐकायला हवं, आणि वेळेवर. मूर्ती रडली तर हात जोडण्याआधी तिच्या मागे जाऊन बघा. विचारल्यानं कुठलीही देवी रागावत नाही.

पुतळाबाई अजून आमच्याकडे येते. टोपली उतरवायच्या आधी दारातूनच मृणालिनीला विचारते, “पोरी, आज हवा काय म्हनते?” बाकीच्यांची पोरं दर्यावर जायची असतात.