कॉलरवरची सुरकुती

तिने पोस्टरच्या कोपऱ्यात एक कावळा बसवला आणि फाइल दाताच्या डॉक्टरांना पाठवून दिली. दवाखान्याच्या जाहिरातीशी कावळ्याचा काडीचाही संबंध नव्हता, आणि म्हणूनच तो तिथे होता. थोड्याच वेळात फोन आला. बाकी सगळं उत्तम आहे, डॉक्टर म्हणाले, तेवढा कावळा मात्र काढा. तिने जरा आढेवेढे घेतले, मग जड मनाने कबूल केल्यासारखं दाखवलं आणि कावळा उडवून लावला.

चूक काढल्याशिवाय गिऱ्हाइकाला घास गोड लागत नाही. पूर्वी ती जीव ओतून काम द्यायची, आणि रंग बदला, अक्षरं मोठी करा, कडेला फुलं घाला, असं करत लोक त्याची लक्तरं करायचे. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण पोटासाठी तोंड मिटून बसावं लागायचं. शेवटी तिने हा कावळा पाळला. एक ठसठशीत चूक हाती दिली की माणूस तिच्यावरच तुटून पडतो आणि बाकीच्या कामाला हात लावत नाही. ही युक्ती आपल्या सुपीक डोक्यातली, याचा तिला मोठा तोरा होता. दाराशी बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालणाऱ्या आईला तिने ती हसत हसत सांगितली. आई हसली नाही. "बरं आहे," एवढंच म्हणाली.

स्वतःसाठी केलेल्या पोस्टरांत मात्र कावळ्याला बंदी होती. ती कुणी मागितलेली नसत. आधी रंगीत कागद कापायचे, चिकटवायचे, भिंतीला उलटे टांगून स्टुलावरून बघायचे. तोल जमला तरच कॉम्प्युटरला हात लावायचा. वाचनालयाच्या सभागृहात तिचं पहिलंच प्रदर्शन भरणार होतं आणि त्यातलं शेवटचं पोस्टर टेबलावर होतं. काळ्या कागदावर एक पांढरा शर्ट, आत माणूस नाही. कॉलरच्या उजव्या टोकाला कागद खराखुरा दुमडून पाडलेली एक सुरकुती. खाली एक ओळ: 'हिला साधी इस्त्री जमत नाही.'

हे वाक्य बाबांचं. रोज सकाळी ऑफिसला निघताना त्यांना कॉलरवर सुरकुती दिसायची आणि ते घर डोक्यावर घ्यायचे. आई मान खाली घालून उभी राहायची, ब्र काढायची नाही. त्या आरडाओरड्यात ही मागच्या दाराने चित्रकलेच्या वर्गाला सटकायची. बाबांनी तिचं तिथे जाणं केव्हाच बंद केलं होतं. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तशी तिची वेळ रोज जुळून यायची. बाबा जाऊन वर्षं लोटली तरी वाक्य कानातून गेलं नव्हतं. राग बाबांवर होताच. खरं म्हणजे आईवर जास्त होता.

दुपारी दादा आला. पोस्टर पाहून त्याचा चेहरा उतरला.

"घरची धुणी चव्हाट्यावर धुणार तू?"

"धुणी नाहीत, दादा. इस्त्री आहे."

मग तो भडकला. बाबांनी काय कमी केलं, मेलेल्या माणसाची अब्रू काढून तुला काय मिळणार, असं बरंच बोलला. हिनेही एकाला दोन उत्तरं दिली. शेवटी तो आईकडे वळून म्हणाला, तूच सांग हिला. आईने पुढचा अभ्रा उचलला. प्रदर्शनाची पायरी चढणार नाही असं बजावून दादा दार आपटून निघून गेला.

उरलेला सगळा राग मग आईवर निघाला.

"आत्ता तरी तोंड उघडायचं होतंस. तेव्हाही गप्प, आजही गप्प. आणि इतकी वर्षं इस्त्री करून एक कॉलर जमू नये तुला?"

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेण्याइतकं नाही. आई उठली. तिच्या जागी अभ्र्यांची चळत राहिली, काठाला काठ लागलेली, कुठे एक चुणी नाही. टेबलाशी येऊन तिने चष्मा पदराला पुसला आणि पोस्टर बराच वेळ न्याहाळलं.

"सुरकुती चुकीच्या बाजूला पाडलीस."

"म्हणजे?"

"डावीकडे हवी. आरशात ह्यांची नजर आधी डावीकडे जायची." आईने चष्मा वर सरकवला. "उजवीकडची दिसायला वेळ लागला असता. तेवढ्यात विचारलं असतं, पोरगी कागदाची गुंडाळी घेऊन कुठे निघाली म्हणून."

ती स्टुलावर बसली. राग गेला नाही. उलट वाढला, फक्त आता तो आईवर राहिला नव्हता. ज्या बाईच्या अभ्र्यावर चुणी सापडत नाही, तिने रोज पहाटे नीट केलेलं काम आपल्या हाताने बिघडवायचं आणि वर बोलणी खायची. आणि आपण कावळ्याचा तोरा मिरवत होतो.

तिने नवा पांढरा कागद घेतला, कॉलर पुन्हा कापली आणि आईपुढे धरली.

आईला जागा शोधावी लागली नाही. डावं टोक चिमटीत धरून तिने अंगठ्याचं नख फिरवलं. ओठ घट्ट मिटून, इतक्या जोराने, की कागद फाटता फाटता राहिला.