उजेडाचा हिस्सा

“बॅटरी बसत चालली!” जलाल छपरावरून ओरडला. “कशफ, तुह्या कॉलेजात ते एकावर एक थरावालं पॅनेल असते ना? येतानी एखादं कायले नाई आणलं?”

कशफ आईच्या उशाशी बसली होती. ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज मध्येच खोल जात होता आणि तसा हुस्नाबीचा श्वासही. अर्धं आयुष्य तिने जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काढलं होतं. आता तिच्या फुप्फुसांना आपल्या बळावर हवा ओढवत नव्हती. वादळात विजेचे खांब आडवे झाले होते, घाटंजीकडे जाणारा पूल पाण्याखाली होता आणि घरातला सिलेंडर काल संपला होता. उरलं होतं छपरावरचं एक पॅनेल. त्यावर काळं आभाळ.

जलाल निथळत खाली आला. आसपासच्या शिवारातले पंप दुरुस्त करणारा माणूस, ज्या विहिरीवर जाई तिथे सांगे, “माही पोरगी सूर्यावर काम करते.” कशफ अमरावतीत पीएचडी करत होती. बापाचा तो अभिमान तिने कधी मोडला नव्हता.

“अब्बा, मी पॅनेल नाई बनवत,” ती म्हणाली. “मी कागदावर हिशोब करते. थर वाढवत नेले त उजेडातून जास्तीत जास्त किती वीज निघू शकते, त्याचा.”

“मंग किती निघते?”

“आपल्या पॅनेलसारखा एकच थर असला त तिसऱ्या हिश्श्याच्या वर नाई जात. थर वाढवले त वाढते. पण सगळी कधीच नाई निघत. पॅनेल जो उजेड घेते, त्यातला थोडा त्याले परत सोडाच लागते. हजार थर लावा, आरसे लावून ऊन गोळा करा, तरी हद्द हायेच.”

“अन् आज?”

“आज आभायातूनच उजेड नाई येऊन राह्यला, अब्बा.”

“इतके साल शिकून हेच शिकली? होत नाई, एवढंच?”

जलाल बोलून गेला आणि उंबऱ्यावर बसला. ओल्या पंजांत तोंड लपवलं. बापाला असं बसलेलं कशफने कधी पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं नाही. हद्द ओलांडता येत नाही, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. पण ती हद्द पॅनेलच्या तेवढ्याच तुकड्यावर पडणाऱ्या उजेडाची. तुकडाच मोठा केला तर?

“थर नाई वाढवता येत, पण जागा वाढवता येते,” ती उठत म्हणाली. “बबनकाकाच्या वावरात पंपाचे पॅनेल हायेत ना?”

शेजारचे बबनराव आपल्या ओट्यावरच भेटले. जलाल हात जोडायला लागला, तसे ते उखडले. “पाना तुमच्याजवळ हाय, जलालभाई. मले कायले विचारता? चला.”

चिखल तुडवत पॅनेलं आली. एक बाजू बबनरावांनी धरलेली, दुसरी त्यांच्या बायकोने, बेबीताईने. मागून गावातली आणखी चार माणसं. जलालने अंगणभर ती मांडली, तारा जोडल्या. आभाळ तसंच होतं, पण एवढ्या पॅनेलांनी मिळून त्या मेलेल्या उजेडातून मशीनपुरतं काढलं. आवाज एकसारखा झाला. दुपारभर हुस्नाबीच्या ओठांवरचा निळा रंग उतरत गेला. बेबीताईने चमच्याने चहा पाजला.

“त्याईले घरात बोलव,” हुस्नाबी कशफला म्हणाली. “भिजून राह्यले ते.”

संध्याकाळ होत आली तसं आभाळ आणखी उतरलं. मशीन पुन्हा अडखळायला लागली. बॅटरीत शिल्लक काहीच पडलं नव्हतं. जलाल एकेक तार हलवून पाहत राहिला, मग कपाळ बडवायला लागला. बबनरावांनी त्याचे हात धरले.

तेवढ्यात मावळतीला ढग फाटले. क्षितिजाशी पिवळ्या उन्हाची एक चीर उघडली. पण ते ऊन आडवं होतं आणि पॅनेलं जमिनीवर निजलेली.

“उभे करा!” कशफ दारातून किंचाळली. “पॅनेल उचला, उन्हाकडं धरा!”

सगळ्यांनी उचलली. कोणी छातीशी, कोणी गुडघ्यावर टेकवून. आत मशीनने जोर धरला. सकाळपासून चालली नव्हती इतकी ती नीट चालायला लागली. कशफ धावत आईपाशी गेली.

हुस्नाबीची मान एका बाजूला कलली होती. कशफने तिच्या नाकासमोर तळवा धरला. पुष्कळ वेळ धरला. छातीला कान लावला. नळीतून हवा सूं सूं करत येत होती आणि घेणारं कोणी नव्हतं.

तिने आईचे डोळे मिटले, पदर सारखा केला आणि अंगणात आली. सगळे मावळतीकडे तोंड करून उभे होते. बेबीताईचे दंड थरथरत होते, पण तिने पॅनेल खाली येऊ दिलं नव्हतं. जलालच्या तोंडावर ऊन होतं.

“चालू हाय ना?” त्याने मागे न पाहता विचारलं.

“चालू हाय, अब्बा.”

त्याच्या हातातल्या पॅनेलचा एक कोपरा खाली झुकत होता. कशफने तो खांद्यावर घेतला आणि ऊन होतं तोवर त्याच्या बाजूला उभी राहिली.